पाकिटाचं काम काय?

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी नारेगाव आणि आसपासच्या गावकऱ्यांनी औरंगाबाद महापालिकेच्या कचरागाड्या अडवल्या. तीसेक वर्षं शहराचा सगळा कचरा त्यांच्या शिवारात येऊन पडत होता. विहिरींचं पाणी नासलं, कचरा पेटला की धूर घरात शिरतो, मोकाट कुत्र्यांनी वाट चालणं मुश्कील केलं, अशा तक्रारी करून ते थकले होते. त्या दिवशी त्यांनी रस्ताच बंद केला. दररोज साडेचारशे टनांच्या आसपास कचरा करणाऱ्या शहराला तो टाकायला दुसरी जागाच नव्हती. चौकाचौकात ढीग उभे राहिले. गाड्या वेगवेगळ्या दिशांना पाठवल्या गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्या परतवल्या. ७ मार्चला शहराच्या कडेला असलेल्या मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठीमार झाला, वाहनं जळाली. त्यानंतर पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं आणि महापालिका आयुक्तांची बदली झाली. नारेगावात यापुढे कचरा टाकायचा नाही, असं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बजावलं.

त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. कॅरीबॅग, थर्माकोलच्या प्लेटा, हॉटेलातल्या पार्सलचे डबे, स्ट्रॉ, चमचे या सगळ्यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली. २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. रस्त्यावर कचऱ्याचे ढीग आणि वर्तमानपत्रांत प्लास्टिकबंदी हे दोन्ही एकाच वेळी पाहिलेल्या या शहराच्या मनात कचरा आणि प्लास्टिक यांचं समीकरण पक्कं बसलं.

ते समीकरण अर्धंच खरं आहे. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो: भाजीची देठं, फळांची सालं, उरलेली पोळी, विटलेलं वरण. २०१८ च्या उन्हाळ्यात चौकाचौकात जी दुर्गंधी होती ती अन्नाची होती. प्लास्टिकला वास नसतो. पण तेच अन्न पन्नीत, म्हणजे पातळ प्लास्टिक पिशवीत, गाठ मारून फेकलं की आत हवा जात नाही आणि ते हवेविना सडतं. अशा सडण्यातून मिथेन वायू निघतो. पन्नी मिसळलेल्या ओल्या कचऱ्याचं धड खत होत नाही आणि खरकट्याने माखलेली पन्नी भंगारवाला घेत नाही. एकेकटे असते तर दोघांचाही उपयोग झाला असता. एकत्र आल्यावर दोन्ही वाया जातात.

म्हणून अन्नाच्या वेष्टनाचा विचार अन्नापासून तोडून करता येत नाही. पाकीट काढलं आणि आतलं अन्न नासलं, तर कचरा कमी झाला की वाढला? पाकीट बदललं आणि त्यासाठी जास्त पाणी, जास्त इंधन लागलं, तर फायदा कोणाचा? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक वस्तूगणिक, प्रत्येक शहरागणिक वेगळी येतात. छत्रपती संभाजीनगरपुरती, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपुरती, ती शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

फिल्म बनवणारं शहर

ज्या शहरात कचऱ्यावरून दंगल झाली, तेच शहर देशाच्या वेष्टन उद्योगातलं एक मोठं नाव आहे. चिकलठाणा आणि वाळूज इथल्या गरवारे समूहाच्या कारखान्यांत १९७० च्या दशकापासून पॉलिस्टर फिल्म बनते. १९८१ साली सुरू झालेली कॉस्मो फिल्म्स ही भारतात बीओपीपी फिल्म आणणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक. तिचे कारखाने वाळूज आणि शेंद्र्याला आहेत. आज बिस्किटाचा पुडा, वेफर्सचं पाकीट, साबणाचं वेष्टन, लेबल यांत कुठे ना कुठे अशी फिल्म असतेच.

बीओपीपी म्हणजे दोन्ही दिशांनी ताणलेली पॉलिप्रॉपिलीनची फिल्म. वितळलेल्या प्लास्टिकचा जाड पत्रा आधी लांबीत आणि मग रुंदीत ताणला जातो. त्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या सरळ रांगेत बसतात आणि फिल्म पातळ असूनही मजबूत, चकचकीत आणि पारदर्शक होते. तिची जाडी साधारण १५ ते ४० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

वेफर्सच्या पाकिटात अशी एकच फिल्म नसते. बाहेरच्या फिल्मवर छपाई असते. आतल्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते आणि हा धातूचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकाही नसतो. तो उजेड आणि ऑक्सिजन अडवतो. सगळ्यात आतला पापुद्रा उष्णतेने चिकटतो, त्यामुळे पाकीट हवाबंद होतं. आत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो, कारण ऑक्सिजनने तेल खवट होतं. प्रत्येक पापुद्र्याला स्वतःचं काम आहे. दुधाच्या पिशवीतलं पॉलिथिलीन ओलावा छान अडवतं, पण ऑक्सिजन फारसा अडवत नाही. पॉलिस्टर ऑक्सिजन बऱ्यापैकी अडवतं, पण स्वतः सहज चिकटत नाही. म्हणून वेगवेगळ्या जातीचे थर एकमेकांवर चढवले जातात.

हीच करामत पाकीट रिकामं झाल्यावर अडचण बनते. वेगवेगळ्या जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलं तर त्यातून दर्जाची वस्तू निघत नाही आणि चिकटवलेले थर वेगळे करणं परवडत नाही. म्हणून भंगाराच्या दुकानात पाण्याच्या बाटलीला भाव आहे, स्वच्छ पॉलिथिलीन पिशवीला भाव आहे, पण वेफर्सच्या पाकिटाला कवडीचाही भाव नाही. कचरावेचक बाई ते उचलत नाही, कारण दिवसभर वेचूनही त्याचं वजन भरत नाही आणि भरलं तरी घेणारा नाही. अशा पाकिटांची शेवटची वाट बहुतेक वेळा कचरा डेपोकडे जाते, नाहीतर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला, असा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने मांडला. प्लास्टिकचा सगळ्यात मोठा वापर वेष्टनासाठीच होतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

पाकीट चार कामं करतं

अन्नाच्या वेष्टनाकडून आपण चार वेगवेगळी कामं करून घेतो. पहिलं काम टिकवण्याचं: हवा, ओलावा, उजेड, जंतू, भेसळ यांपासून अन्न सांभाळणं. दुसरं नेण्याचं: दुकानापासून घरापर्यंत. तिसरं वाढण्याचं: प्लेट, कप, वाटी, चमचा. चौथं विकण्याचं: चमक, रंग, मोठं दिसणं, एक रुपयाची पुडी, भेटीचा डबा.

या कामांची मुदत सारखी नाही. तेलाची पिशवी महिनोन्‌महिने राखण करते. भाजीची पन्नी मंडईपासून घरापर्यंत पंधरा मिनिटं जाते. चहाचा कप पाच मिनिटं हातात राहतो. मिठाईच्या डब्यावरची चकचकीत फिल्म काढून टाकण्यासाठीच गुंडाळलेली असते. पण फेकल्यावर या सगळ्यांचं आयुष्य सारखंच लांब असतं, दशकांचं किंवा त्याहून जास्त. काम आणि आयुष्य यांतली ही तफावत जिथे सगळ्यात मोठी, तिथे प्लास्टिक आधी जायला हवं.

आपले कायदे, नीट पाहिलं तर, याच दिशेने गेले आहेत. २०१८ च्या राज्याच्या बंदीचा रोख नेण्याच्या आणि वाढण्याच्या वस्तूंवर होता. कारखान्यातच बंद होऊन येणारी पाकिटं आणि दुधाच्या जाड पिशव्या तिने वगळल्या. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या केंद्राच्या बंदीच्या यादीत प्लास्टिकच्या प्लेटा, कप, पेले, चमचे, स्ट्रॉ, ट्रे आणि मिठाईच्या डब्यांवरची फिल्म आली. कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी पुन्हा वापरता येते, भंगारात विकता येते आणि महाग असल्याने फुकट वाटता येत नाही, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात मात्र हातात धरायच्या कॅरीबॅगवर जाडी न पाहताच बंदी आहे.

टिकवण्याचं काम: इथे घाई नको

स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने स्पेनहून येणाऱ्या काकडीवरच्या पातळ फिल्मचा हिशेब मांडला. काकडी पिकवायला लागलेलं पाणी, खत आणि लांबचा प्रवास मोजल्यावर त्या फिल्मचा भार एकूण भाराच्या एक टक्क्याच्या आसपास निघाला. एक काकडी नासून फेकली तर पर्यावरणाचं जेवढं नुकसान होतं, तेवढं ९३ काकड्यांच्या फिल्मने मिळून होतं. या काकडीपुरतं तरी, फिल्म काढून जास्त काकड्या नासल्या असत्या तर ते महागातच पडलं असतं.

उलट ब्रिटनच्या रॅप या संस्थेने २०२२ मध्ये सफरचंद, केळी, बटाटे, ब्रोकोली आणि काकडी यांचा घरगुती वापर तपासला. फिल्ममुळे या वस्तू घरात फार जास्त टिकतात असं दिसलं नाही. त्या थंड जागी ठेवण्याचा परिणाम कितीतरी मोठा होता. शिवाय बांधलेल्या पुड्यामुळे लोक गरजेपेक्षा जास्त विकत घेतात. या वस्तू सुट्या विकल्या तर प्लास्टिकबरोबर अन्नाची नासाडीही कमी होईल आणि ती बचत वर्षाला एक लाख टनांच्या घरात जाईल, असं संस्थेने सांगितलं.

दोन्ही अभ्यास खरे आहेत, कारण त्यांतली अंतरं वेगळी आहेत. काकडी आठवडाभर प्रवास करणार असेल तर तिला संरक्षण लागतं. फुलंब्री किंवा पैठण तालुक्यातून पहाटे निघून सकाळी जाधववाडीच्या बाजार समितीत आणि दुपारच्या आत औरंगपुऱ्याच्या मंडईत पोहोचणाऱ्या काकडीला ते लागत नाही. तीच काकडी मॉलमध्ये फिल्म लावून ठेवली जाते तेव्हा ती फिल्म टिकवण्याचं काम करत नसते. ती बारकोड चिकटवण्याची जागा असते. दौलताबादच्या रस्त्यावर टोपलीत पाल्यावर मांडलेलं सीताफळ दोन दिवसांत पिकतं आणि त्याच दोन दिवसांत खपतं. त्या व्यवहाराला टोपली पुरते. तेच सीताफळ गर काढून गोठवून दूरच्या आईस्क्रीमवाल्याकडे पाठवायचं झालं, तर हवाबंद पिशवीला आज पर्याय नाही.

टिकवण्यात शुद्धताही येते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. त्यातून जलशोथाची साथ आली आणि साठहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षी केंद्राने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. मराठवाड्यात घाण्यावरून किटलीत करडईचं तेल आणण्याची रीत होती. ती रीत प्लास्टिकविरहित होती, पण समोर तेल काढणाऱ्या तेल्यावरच्या विश्वासावर उभी होती. सुटं तेल पुन्हा विकायचं तर आधी प्रयोगशाळा, तपासणी आणि जबाबदार विक्रेता उभा करावा लागेल. नुसती पिशवी काढून घेतली, तर लहान कमाईच्या घरांत भेसळ आधी पोहोचेल.

जुन्या कागदी पुडीचंही तसंच. वर्तमानपत्राच्या शाईतली रसायनं तेलकट, गरम खाद्यपदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थांना वर्तमानपत्र वापरायला मनाई केली. भज्यांखाली रद्दी ठेवणं ही प्लास्टिकमुक्ती नव्हे. कोरा, खाद्ययोग्य कागद हवा, आणि तो महाग असतो.

नेण्याचं काम: पन्नी जाऊ द्या, पण पिशवीही मोजा

मंडईत अजूनही सर्रास ऐकू येणारं वाक्य आहे: "दादा, एक पन्नी द्या ना." महापालिकेचं नागरी मित्र पथक येतं, दंड होतो, चार दिवस पन्नी दिसत नाही, मग पुन्हा येते. विक्रेत्याचीही बाजू आहे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं आणि पन्नी नसेल तर शेजारच्या गाड्यावर जातं. पाव किलो मिरचीवर मिळणाऱ्या नफ्यात कापडी पिशवी बसत नाही.

मग सगळ्यांना नव्या कापडी पिशव्या वाटाव्यात का? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये याचा हिशेब केला. तिथल्या दुकानातल्या एका प्लास्टिक पिशवीशी हवामानबदलाच्या दृष्टीने बरोबरी साधायला सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, ओझोन अशा सगळ्या कसोट्या लावल्या तर ७,१०० वेळा. कागदी पिशवी सगळ्या कसोट्यांवर ४३ वेळा. ७,१०० हा आकडा मुख्यतः ओझोनच्या एकाच कसोटीमुळे फुगला आहे, आणि वाऱ्यावर उडून नाल्यात अडकणाऱ्या किंवा गाईच्या पोटात जाणाऱ्या पिशवीचं नुकसान त्यात धरलेलंच नाही. तरीही त्यातला धडा कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याला लागू पडतो. कापूस फुकट येत नाही. त्यामागे काळी जमीन, फवारणी आणि शेतकऱ्याचं कर्ज असतं. समारंभात पाहुण्यांना वाटलेली, नाव छापलेली आणि कपाटात दहा साठलेली कापडी पिशवी पर्यावरणाला मदत करत नाही.

आधीच तयार झालेल्या कापडाची पिशवी मात्र जवळजवळ भारमुक्त असते. जुनी साडी, चादर, पँट यांतून शिवलेल्या पिशवीसाठी नवा कापूस लागत नाही. शहरातल्या बचत गटांना शिलाईचं काम द्यायचं असेल तर ते नव्या मांजरपाटाऐवजी जुन्या कापडावर द्यावं, आणि पिशवी फुकट न देता दहा-वीस रुपयांची ठेव घेऊन द्यावी. पिशवी परत आली की पैसे परत. फुकट मिळालेली वस्तू जपली जात नाही, मग ती कशाचीही असो.

गरम आणि पातळ पदार्थांचा प्रश्न याहून गंभीर आहे. नान-खलिया हे या शहराचं खास खाणं. मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर ते दौलताबादला आलं, असं सांगितलं जातं. पार्सल घेताना नान कागदात येतो, पण खलियाचा रस्सा बहुतेकदा पातळ पिशवीत भरून रबर लावून दिला जातो. चहाचंही तसंच. प्लास्टिकमधली पूरक रसायनं अन्नात उतरण्याचा वेग उष्णतेने आणि तेलाने वाढतो, आणि खलियात दोन्ही भरपूर असतात. त्यात पिशवी पुनर्वापरातल्या हलक्या प्लास्टिकची असेल तर धोका आणखी वाढतो. हे पार्सल घरून नेलेल्या स्टीलच्या डब्यात घेणं हा आरोग्याचा आणि कचऱ्याचा एकाच वेळी साधणारा उपाय आहे. हॉटेलांनी डबा आणणाऱ्याला पाच रुपये कमी लावले तरी पिशवी आणि रबराचा खर्च वाचल्याने त्यांचं फार बिघडणार नाही.

वाढण्याचं काम: गाठ पाण्याची

लग्नातल्या पंगतीत आणि चहाच्या टपरीवर थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या वस्तू कमी झाल्या, पण त्यांच्या जागी आलेल्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो नसेल तर चहा कागदात मुरेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तेव्हा प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण त्यात उतरलेले आढळले. हा कप ना कागदाच्या रद्दीत जातो, ना प्लास्टिकच्या भंगारात. महाराष्ट्राने २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी वस्तूंनाही बंदीच्या कक्षेत आणलं, ते योग्यच झालं.

उसाच्या चिपाडापासून दाबून केलेल्या प्लेटा हा दुसरा पर्याय. त्या कुजतात, ही त्यांची जमेची बाजू. पण चिपाड हा टाकाऊ माल नाही. साखर कारखाने तेच जाळून वाफ आणि वीज करतात. प्लेटांकडे वळवलं तर कारखान्याला दुसरं इंधन शोधावं लागतं. शिवाय तेल झिरपू नये म्हणून अशा काही प्लेटांत पीएफएएस जातीची रसायनं वापरलेली असतात आणि ती निसर्गात जवळजवळ विघटन पावत नाहीत. मक्यापासून केलेल्या पीएलए या 'कंपोस्टेबल' प्लास्टिकला कुजायला साधारण ५८ अंशांचं तापमान बराच काळ टिकवणारा खतकारखाना लागतो. तो नसेल आणि अशी वस्तू शहरातल्या खाम नदीत गेली, तर ती तिथे साध्या प्लास्टिकसारखीच अडकून बसते. पळसाच्या पानांची पत्रावळ यांपेक्षा साधी आणि खरी: पान झाडावरून येतं, काड्यांनी टाचलं जातं, गुरं खातात किंवा खत होतं. ती गोळा करणाऱ्यांना रोजगार मिळतो. पण पानं हंगामी असतात, आणि लाखोंच्या शहराचं रोजचं जेवण त्यांवर वाढायचं ठरलं तर तेवढा पळस उरलेला नाही.

मग सगळ्यात चांगला पर्याय कोणता? बहुतेक हिशेब स्टीलकडे बोट दाखवतात. ताट-वाटी हजारो वेळा वापरली जाते आणि शेवटी भंगारातही भाव देते. पण ताट धुवायला पाणी लागतं, आणि या शहराची खरी गोष्ट इथे सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरला पाणी येतं ते गोदावरीवरच्या, चाळीसेक किलोमीटर दूर असलेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून. १९७० च्या दशकातली ७०० मिलिमीटरची आणि १९९० च्या दशकातली १४०० मिलिमीटरची अशा दोन जलवाहिन्यांवर हे वाढतं शहर वर्षानुवर्षं भागवत आलं. वस्त्यांवस्त्यांत चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय लोकांनी करून घेतली. ज्या खानावळीचा मालक टँकर विकत घेतो, त्याच्या दृष्टीने फेकायची प्लेट म्हणजे वाचलेलं पाणी. मंगल कार्यालयात हजार पानं उठली की हजार ताटं घासायला पाणी आणि बाया दोन्ही लागतात. दंडाची पावती फाडून हा हिशेब बदलत नाही. नळाला न आलेल्या पाण्याने बाटलीबंद पाण्याचाही बाजार वाढवला आहे.

म्हणून या शहरात पाणीपुरवठा हाच प्लास्टिक कमी करण्याचा सगळ्यात मोठा उपाय आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. जायकवाडीहून २५०० मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी टाकण्याची योजना १,६८० कोटी रुपयांची म्हणून मंजूर झाली आणि पुढे तिचा खर्च २,७४० कोटींपर्यंत गेला. त्या योजनेचं मोजमाप आपण दरडोई लिटरमध्ये करतो. किती हॉटेलांनी पुन्हा ताटं काढली, किती कार्यालयांनी भांडी भाड्याने घेतली, हेही तिच्या यशाचं माप असायला हवं. तोपर्यंत पाणी कमी लागणारी सोय उभी करता येते. प्रभागनिहाय एकेक सामायिक भांडीघर करावं, जिथे यंत्रावर ताटं धुतली जातील, निचऱ्याचं पाणी गाळून बागेला जाईल आणि हॉटेलं, टपऱ्या, कार्यालयं तिथून धुतलेली भांडी भाड्याने नेतील. कमी पाण्यात जास्त भांडी धुणं यंत्राला जमतं, प्रत्येक टपरीवरच्या बादलीला जमत नाही.

परत नेण्याचं काम

आपल्याकडे पुनर्वापर नवा नाही. शहरातल्या बहुतेक दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत थंड पाण्याचा २० लिटरचा जार येतो. जारवाला भरलेला ठेवतो आणि रिकामा उचलतो. गॅसची टाकी, कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटल्या, भाजीचे क्रेट, वडापाववाल्याकडचे पावाचे ट्रे हे सगळे असेच फिरतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: जी गाडी माल देते, तीच गाडी रिकामं भांडं परत नेते. त्यामुळे परतीचा वेगळा खर्च येत नाही.

दुधाच्या पिशवीचा प्रश्न याच कसोटीवर तपासावा. अर्ध्या लिटरची पिशवी तीनेक ग्रॅमची असते. तेवढंच दूध काचेच्या बाटलीत भरलं तर काचेचं वजन त्याच्या शंभरपट भरेल, आणि ते वजन रोज वाहून नेण्याचं डिझेल आणि बाटली गरम पाण्याने धुण्याचं पाणी लागेल. डेअरी जवळ असेल तर बाटली परवडेल. दोनशे किलोमीटरवरून येणाऱ्या दुधाला पिशवीच हलकी पडते. पण मग ती पिशवी परत आली पाहिजे. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी ५० पैसे परताव्याची तरतूद होती. ती रुजली नाही, कारण गोळा करणं दुकानदारावर सोपवलं आणि ५० पैशांसाठी कोणी परत दुकानात जात नाही. दूधवाला मात्र रोज दारात येतो. महिनाभराच्या धुतलेल्या, वाळवलेल्या पिशव्या त्याने बिलाच्या दिवशी घेऊन बिलातून वजा केल्या, तर हे काम दुधाच्याच गाडीवर होईल. त्यासाठी पिशवीचा कोपरा कापून पूर्ण वेगळा करायचा नाही, एवढी सवय घरात लागायला हवी. तो छोटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही.

ठेव पुरेशी असेल तर माणसं वस्तू परत आणतात, याला पुरावा आहे. जर्मनीत २००३ पासून पेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंटची ठेव आहे आणि बहुतेक सगळ्या बाटल्या परत येतात. तामिळनाडूतल्या निलगिरीत २०२२ पासून दारूच्या बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन बाटली आणल्यावर परत दिले जातात. शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये अविघटनशील वेष्टनांसाठी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. पर्यटनाच्या गावी याचं महत्त्व आणखी मोठं आहे. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा इथल्या दुकानांपुरती पाण्याच्या प्रत्येक बाटलीवर दहा रुपयांची ठेव सुरू केली, तर गोव्याचा अनुभव पाहत पाहत हे शहर महाराष्ट्राला वाट दाखवू शकतं.

राहतात ती बहुथरी पाकिटं, ज्यांना भंगारात भाव नाही. त्यांच्यासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आणले. जेवढं प्लास्टिक बाजारात आणलं, तेवढ्याची विल्हेवाट लावल्याची प्रमाणपत्रं कंपन्यांनी सादर करायची. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला अशी सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. कागदावर पाकीट गोळा झालं, जमिनीवर ते पडूनच राहिलं. या पाकिटांवरचा खरा इलाज ती बनतात तिथेच आहे: वेगवेगळ्या जातींच्या थरांऐवजी एकाच जातीचे थर वापरून तेवढंच संरक्षण देणं. फिल्म उद्योग त्या दिशेने काम करतो आहे. ज्या शहरात वाळूजला फिल्म बनते आणि चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलच्या केंद्रांवर तिचा कचरा येतो, तिथे फिल्म बनवणारे अभियंते आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाया यांची गाठ एकाच टेबलावर पडायला हवी. कोणतं पाकीट वेगळं करता येत नाही, हे त्या बायांना कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा आधी कळतं.

शहराने आधी काय करावं

या सगळ्याचा क्रम लावायचा तर तो असा. जे वेष्टन फक्त विकण्यासाठी आहे, ते आज काढावं: मिठाईच्या डब्यावरची फिल्म, मॉलमधल्या ताज्या काकडीवरची गुंडाळी. त्याने अन्न नासत नाही आणि कोणाची रोजीही जात नाही. जे फक्त नेण्यासाठी आहे, ते जुन्या कापडाच्या, ठेवीच्या पिशवीने आणि स्टीलच्या डब्याने बदलावं. जे वाढण्यासाठी आहे, ते पाण्याच्या सोयीबरोबर बदलावं. पाण्याआधी सक्ती केली तर लोक कागदी कपाचा नवा कचरा करतील. जे टिकवण्यासाठी आहे, ते आधी परत घ्यावं, मग सोपं करावं, आणि भेसळ व नासाडी होणार नाही याची खात्री पटल्यावरच काढावं.

आणि या सगळ्याआधी, प्रत्येक घरात ओला कचरा पन्नीविना वेगळा द्यावा. घंटागाडीत पडणाऱ्या ओल्या कचऱ्यात प्लास्टिक नसेल तर कांचनवाडीच्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो, खत होतं आणि वेगळ्या राहिलेल्या कोरड्या प्लास्टिकला भाव मिळतो. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम शहराने गेल्या काही वर्षांत मन लावून केलं. तिचं पाणी पुढे गोदावरीलाच जातं आणि आपल्या नळाचं पाणीही गोदावरीचंच आहे. नारेगावच्या गावकऱ्यांनी २०१८ मध्ये शहराला एवढंच सांगितलं होतं की तुमचा कचरा तुमच्याकडे ठेवा. ते त्यांचं म्हणणं न्याय्य होतं. ते पाळायचं तर प्रत्येक पाकिटाचं काम ठरवून, काम नसलेलं पाकीट दारात येण्याआधीच नाकारावं लागेल, आणि काम असलेलं पाकीट ज्याने पाठवलं त्यालाच परत न्यायला लावावं लागेल.